मारेगावचा समुद्र

गेल्या महिन्यात चार दिवस सुट्टी टाकून मारेगावला मामांकडे जाऊन आलो. मारेगाव म्हटलं की पुण्यातले लोक विचारतात, "म्हणजे नक्की कुठे?" मग मी सांगतो, यवतमाळ जिल्हा, वणीच्या जवळ. तरी चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह असतंच. असो.

तर झालं असं, की दुसऱ्या दिवशी सकाळी मामांबरोबर शेतात गेलो. त्यांच्या शेताच्या एका टोकाला दीड-दोन एकर बरड आहे. नांगर लागत नाही, खाली दगडच दगड. लहानपणी आम्ही पोरं तिथे बोरं खायला जायचो. यावेळी मात्र नजर दगडावर गेली. करड्या रंगाचा दगड, आणि त्यावर एकाआड एक फिक्या-गडद बारीक रेघा. सरळ नाहीत, वर फुगलेल्या. पत्ताकोबी मधोमध कापल्यावर जसे पदर दिसतात ना, तशा.

मी घरी परत आलो, मामींकडून लिंबू मागून घेतलं आणि परत गेलो. दगडाचा कोपरा खरवडून त्यावर लिंबू पिळलं. बारीक फेस आला. म्हणजे चुनखडक. (मामी अजून विचारतायत की लिंबाचं काय केलं.)

आता यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. वणीजवळच्या राजूरला चुन्याच्या भट्ट्या कधीपासून आहेत, मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आहे. या भागात चुनखडक आहे हे शेंबडं पोरही सांगेल. खरं आहे. पण तो आला कुठून? भूशास्त्रज्ञ या खडकांना पैनगंगा समूह म्हणतात आणि त्यांचं उत्तर सरळ आहे: समुद्रातून. आज मारेगावहून सरळ रेघ मारली तर मुंबईचा किनारा सहाशे किलोमीटरच्या वर आणि पूर्वेचा पाचशेच्या आसपास. म्हणजे महाराष्ट्रात समुद्रापासून लांब असलेल्या तालुक्यांत आमचा नंबर बराच वर लागावा. आणि याच तालुक्याखाली साधारण शंभर कोटी वर्षांच्या मागेपुढे साचलेला समुद्राचा तळ आहे!

या शोधाचा इतिहासही मजेशीर आहे. या मुलखातल्या जीवाश्मांवर पहिलं महत्त्वाचं लिखाण केलं ते माल्कमसन नावाच्या इंग्रज फौजेतल्या डॉक्टरने. हैदराबाद-नागपूर रस्त्यावरच्या डोंगरांतून त्याने शंख गोळा केले आणि १८३७ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे निबंध ठेवला. पुढे १८४५ मध्ये नागपूरला आलेल्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने हे वेड फार पुढे नेलं. (नागपूरचं हिस्लॉप कॉलेज याच्याच नावाचं.) तेव्हा एक मोठा प्रश्न होता: काळ्या बेसॉल्टच्या थरांमध्ये सापडणारे हे शंख समुद्रातले की तळ्यातले? हिस्लॉप आणि त्याचा सहकारी हंटर यांनी १८५५ मध्ये छापलेल्या निबंधात नागपूर भागातले हे थर गोड्या पाण्यातले असल्याची बाजू मांडली, आणि ती बरोबर निघाली. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नदी ओलांडताना हिस्लॉप बुडून गेला. वय जेमतेम ४५.

नंतर आले सरकारी भूशास्त्रज्ञ. त्यांना शंखांपेक्षा कोळशात रस होता, रेल्वेला तोच हवा होता ना. ह्यूजने वर्धा खोऱ्याच्या कोळशावर लिहिलेला ग्रंथ १८७७ सालचा. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नावसुद्धा यवतमाळ नव्हतं, वणी होतं. ते १९०५ मध्ये बदललं. त्या काळच्या लोकांनी हा चुनखडकही पाहिला, पण त्यात ना शंख, ना शिंपला, ना माशाचा काटा. मुका खडक.

खडक मुका नव्हता. आपल्यालाच ती लिपी वाचता येत नव्हती. १८८३ मध्ये अमेरिकेत जेम्स हॉलने न्यूयॉर्क राज्यातल्या अशाच पदरापदरांच्या दगडाला जीवाश्म म्हणून नाव दिलं. १९०८ मध्ये जर्मनीच्या काल्कोव्स्कीने 'स्ट्रोमॅटोलिथ' हा शब्द काढला आणि सांगितलं की हे सूक्ष्म जीवांचं काम आहे. बऱ्याच जणांना ते पटलं नाही. मग १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथे उथळ पाण्यात असेच दगड चक्क जिवंत सापडले, आणि वाद बराचसा मिटला.

काम चालतं ते असं. नीलहरित जिवाणूंचा चिकट थर उथळ तळावर पसरतो. सूर्यप्रकाशावर तो अन्न तयार करतो. पाण्यातले बारीक कण त्याला चिकटतात, वर चुना साचतो, प्रकाश अडतो. मग जिवाणू वर सरकून नवा थर टाकतात. पुन्हा गाळ, पुन्हा थर. आमच्या भाषेत सांगायचं तर रोज एक कमिट, आणि जुनं काहीच डिलीट करायचं नाही :)

मला वाटायचं, माशाविना समुद्र म्हणजे नुसतं पाणी. पण त्या समुद्रातही सगळीकडे एकच चित्र नव्हतं. जिथे ऊन तळापर्यंत पोचतं तिथे जिवाणूंच्या या गाद्या. लाटांची पोच संपते त्याखाली शांत, अंधारा तळ, आणि तिथे थेंबाथेंबाने साचणारा मऊ चुन्याचा चिखल. पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या बाजूला याच समूहाच्या खोल पाण्यातल्या चुनखडकांबरोबर मँगनीजचे थर सापडतात. म्हणजे किनारा वेगळा, खोली वेगळी, तिथलं रसायन वेगळं. आज कोकणात खाडीतली तिवरं, मालवणचे खडक आणि प्रवाळ, विजयदुर्गासमोर शंभर किलोमीटर आत पाण्याखाली असलेला आंग्रिया बँक, हे सगळे अधिवास जसे वेगवेगळे, तशाच पाट्या तेव्हाही पडलेल्या होत्या. फक्त रहिवासी डोळ्यांना न दिसणारे. आणि हे रहिवासी काही साधेसुधे नव्हेत. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन हवेत पहिल्यांदा साठवला तो यांच्याच पूर्वजांनी, २४० कोटी वर्षांच्या आसपास. पुढे चरणारे प्राणी आले आणि या गाद्यांचं राज्य संपलं. शार्क बेमध्ये त्या टिकल्या, कारण तिथलं पाणी इतकं खारट की खाणारे फारसे फिरकत नाहीत.

आमचा समुद्र नंतर गेला. पुढे कितीतरी कोटी वर्षांनी इथे नद्या आणि दलदली आल्या, त्यांचा वणीचा कोळसा झाला. मग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला लाव्हा आला. शिबला गावाजवळ २०२२ मध्ये दिसलेले दगडी खांब त्याचेच. नंतर नद्यांनी हा काळा दगड जागोजागी झिजवला, म्हणून खालचा चुनखडक उघडा पडला. चंद्रपूरचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी वणी भागातल्या अशा जीवाश्मांकडे लोकांचं लक्ष वेधायचा बराच प्रयत्न केला आहे.

हे सगळं मी रात्री जेवताना मामांना मोठ्या उत्साहात सांगितलं. मामा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बाबू, ते बरड मी देऊन राहिलो. दगड काढाले मागते एक जण."

मी गप्प.

मामांचं गणित साधं होतं. दोन वर्षं कापसाने मारलं, सोयाबीनचं तर बोलूच नका. धाकटीची फी भरायची आहे. ज्या जमिनीत पऱ्हाटीचं एक झाड येत नाही, तिचे कोणी पैसे देत असेल तर नाही का म्हणायचं? आणि मी कोण सांगणारा? माझा पुण्यातला फ्लॅट ज्या सिमेंटचा आहे, ते कुठल्यातरी समुद्राच्या तळाचंच तर आहे. मी रात्रभर तळमळलो ते याच्याचसाठी. दगड वाचवायचा तर त्याची किंमत कोणी भरायची? ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही त्याने?

उत्तर प्रदेशात सोनभद्र जिल्ह्यात सलखन इथे अशाच दगडांचं उद्यान आहे, आणि २०२५ मध्ये ते युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं. आपल्याकडेही सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे. म्हणजे हे होऊ शकतं. पण मामांच्या दीड एकरासाठी कोणी उद्यान बांधणार नाही, हे मलाही कळतं.

भूशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राला फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं, "स्ट्रोमॅटोलाइट असू शकतं. पण फोटोवरून नाही सांगता येत, जागेवर पाहायला हवं. आणि दगड हलवू नका, वरची बाजू कुठली, शेजारी काय, यातच अर्धी माहिती असते." म्हणजे प्रश्न दगड उचलून पुण्याला आणायचा नव्हताच. उचलला की अर्धं पुस्तक फाटलं.

निघायच्या दिवशी मामांना एवढंच म्हटलं, "मामा, बरड द्या. नको कसं म्हणू? फक्त तो धुऱ्याकडचा दहा हातांचा तुकडा सोडा, आणि माझा मित्र दिवाळीनंतर येऊन पाहीपर्यंत थांबा."

मामांनी तंबाखूला चुना लावला (होय, तोच चुना), जरा वेळ मळली आणि म्हणाले,

"शंभर कोटी वर्षं थांबला ना तो गोटा? मंग मी दिवाळीलोक थांबतो. पन तुह्या मित्राले सांग, लिंबू घरून आनाचं."