मॅनेजमेंट सिस्टीम ऑडिटर कसे होतात? पाच दिवसांच्या कोर्सने नेमके काय मिळते?

अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूरजवळच्या प्रवराकाठच्या बेलापुरात ‘ऑडिटर’ म्हटले की पतसंस्थेचे किंवा सोसायटीचे दप्तर तपासायला आलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. सहकाराच्या या पट्ट्यात ते साहजिकच आहे. मॅनेजमेंट सिस्टीम ऑडिटर मात्र हिशेब तपासत नाही. कारखान्याने किंवा संस्थेने कामाची जी पद्धत ठरवली आहे ती मानकात बसते का आणि रोजचे काम खरोखर त्याच पद्धतीने चालते का, हे तो पाहतो. गुणवत्तेसाठी आयएसओ ९००१, पर्यावरणासाठी १४००१, कामगारांच्या सुरक्षिततेसाठी ४५००१, अन्नसुरक्षेसाठी २२००० आणि माहितीच्या सुरक्षिततेसाठी २७००१ ही त्यातली नेहमीची मानके.

या करिअरची जाहिरात बहुतेकदा ‘पाच दिवसांत लीड ऑडिटर व्हा’ अशी दिसते. कोर्स खरा असतो. साधारण ४० तासांचे प्रशिक्षण आणि शेवटी परीक्षा असे त्याचे स्वरूप असते. तो लंडनच्या सीक्यूआय-आयआरसीए किंवा एक्झेम्प्लर ग्लोबल यांसारख्या संस्थेने मान्य केलेला असेल, तर प्रमाणपत्राला जगभर ओळख मिळते. पण ते कोर्स पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र असते, ऑडिट करण्याचा परवाना नव्हे. नेमकी याच ठिकाणी अनेक तरुणांची फी वाया जाते.

ऑडिट कसे करावे हे सांगणाऱ्या आयएसओ १९०११ या मार्गदर्शक मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत एक नमुना तक्ता होता. त्यात माध्यमिक शिक्षण, एकूण ५ वर्षांची नोकरी, त्यातली किमान २ वर्षे गुणवत्ता किंवा पर्यावरणाच्या कामात, ४० तासांचे प्रशिक्षण आणि अनुभवी लीड ऑडिटरच्या हाताखाली ४ पूर्ण ऑडिट, म्हणजे किमान २० दिवस, अशी अपेक्षा होती. लीड ऑडिटर होण्यासाठी त्यावर आणखी ३ ऑडिट, किमान १५ दिवस. पुढच्या आवृत्त्यांत आकड्यांपेक्षा प्रत्यक्ष क्षमतेवर भर आला. तरी हिशेब तोच राहिला: पाच दिवस वर्गात, बाकी सगळे कारखान्यात.

बेलापूरच्या मुलामुलींची बाजू इथे वाटते तितकी कमकुवत नाही. प्रमाणन संस्थांना आयएसओ/आयईसी १७०२१-१ नुसार त्या-त्या उद्योगाची जाण असलेलाच ऑडिटर पाठवावा लागतो. नुसती कलमे पाठ असलेला माणूस साखर कारखान्यात गेला, तर काय विचारायचे हेच त्याला सुचत नाही. या भागात साखर जुनी आहे. हरेगावला खासगी बेलापूर कंपनीचा कारखाना होता, तर लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास सहकारी कारखाना उभा राहिला. दूध संघ आहेत, श्रीरामपूरला एमआयडीसी आहे. लॅब केमिस्ट, क्वालिटी इन्स्पेक्टर किंवा दुधाच्या प्लँटवरची शिफ्ट हीच खरी पहिली पायरी.

नोकरीत असताना पहिली संधी मिळते ती अंतर्गत ऑडिटची. आयएसओ ९००१ च्या ९.२ कलमानुसार प्रत्येक प्रमाणित संस्थेला स्वतःचे ऑडिट ठरावीक काळाने करावेच लागते. त्यासाठी खात्याखात्यांतली माणसे लागतात आणि हे काम पुढे होऊन घेणारे फार नसतात. नियम एवढाच, की निःपक्षपणासाठी स्वतःचे काम स्वतः तपासायचे नाही. लॅबमधल्याने स्टोअर पाहावे, स्टोअरमधल्याने लॅब.

समजा, दुधाच्या प्लँटवर ऑडिट चालू आहे. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवले जाते, नोंदवही नीट भरलेली आहे. नवखा ऑडिटर वही पाहून पुढे जातो. जाणता ऑडिटर विचारतो, हे ७२ अंश दाखवणाऱ्या थर्मामीटरचे कॅलिब्रेशन कधी झाले? मुदत संपून चार महिने झाले असतील, तर वहीतल्या साऱ्या नोंदींवर प्रश्नचिन्ह लागते. ही त्रुटी लिहितानाही ‘कॅलिब्रेशन नीट नाही’ एवढे पुरत नाही. मानकाची अपेक्षा काय, पुरावा कोणता (उपकरणाचा क्रमांक, तारीख) आणि विसंगती कुठे, हे तिन्ही लिहावे लागते. समोरचा सुपरवायझर वयाने मोठा आणि ओळखीचा असला, तरीही. चाळीस तासांच्या वर्गात न मिळणारी सवय हीच.

पुढचा टप्पा प्रमाणन संस्थेचा. आयएसओ स्वतः कुणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते प्रमाणन संस्था देतात, आणि भारतात त्या संस्थांना मान्यता देण्याचे काम क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचे एनएबीसीबी हे मंडळ करते. तिथे आधी निरीक्षक, मग प्रशिक्षणार्थी ऑडिटर म्हणून जावे लागते आणि हे दिवस अनेकदा बिनपैशाचे असतात. नंतर पगारी नोकरी किंवा ‘मॅन-डे’वर, म्हणजे ऑडिटच्या दिवसांप्रमाणे मानधन. प्रत्येक ऑडिटची तारीख, मानक, दिवस आणि आपली भूमिका पहिल्यापासून वहीत टिपून ठेवावी; नोंदणीच्या वेळी हाच लॉग मागतात. साखरेचे ऑडिट गळीत हंगामात पडते, कारण बंद कारखान्यात प्रक्रिया पाहता येत नाही. त्यामुळे दिवाळीनंतरचे महिने प्रवासातच जातात.

एक मोह सुरुवातीलाच ओळखलेला बरा. एखाद्या संस्थेला सल्लागार म्हणून कागदपत्रे तयार करून दिली, तर पुढची दोन वर्षे तिच्या प्रमाणन ऑडिटमध्ये भाग घेता येत नाही. ऑडिट न करताच घरपोच प्रमाणपत्र देणाऱ्यांकडेही काम मिळते, पण त्या ऑडिटना मान्यताप्राप्त संस्था अनुभव म्हणून धरत नाहीत. संस्था खरी आहे का, हे एनएबीसीबीच्या संकेतस्थळावरील यादीत दिसते. कंपनीचे प्रमाणपत्र ‘आयएएफ सर्टसर्च’वर तपासता येते.

नोकरी शोधताना एक छोटी अडचण येते. जॉब पोर्टलवर ‘बेलापूर’ टाकले की नवी मुंबईच्या सीबीडी बेलापूरच्या जागा समोर येतात. त्याऐवजी श्रीरामपूर, अहिल्यानगर किंवा पुणे लिहावे. गंमत म्हणजे श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनचे नाव बेलापूरच आहे.