बाळंभटदादा देवधर : विजयानंतरचे कार्य

आपले पुसेगाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्याच राज्यातून अली व गुलाब हे दोन नामांकित मल्ल दुसऱ्या बाजीरावांच्या दरबारी पुण्यास आले, अशी परंपरागत कथा आहे. त्यांचे आव्हान तरुण बाळंभटदादा देवधरांनी स्वीकारले. मल्लखांबावर अंग कसून त्यांनी गुलाबास चीत केले. ते पाहून अलीने माघार घेतली. मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात आहे. परंतु मधल्या काळात ही विद्या मागे पडली होती.

दादांचा खरा मोठेपणा मात्र या विजयानंतरचा होय. १८१८ साली पेशवाई बुडाली व दरबारचा आश्रय तुटला. तथापि दादांनी काशीस आखाडा घालून कोंडभटनाना गोडबोल्यांसारखे शिष्य तयार केले. ती विद्या त्यांनी स्वतःपाशीच ठेवली असती, तर कदाचित त्यांच्याबरोबरच लोपली असती. २०१९ साली मुंबईत मल्लखांबाची जागतिक स्पर्धा भरली, तीत परदेशची मुलेमुलीही खांबावर चढली.

ज्ञातिबांधवहो, जिंकलेली कुस्ती एका पिढीपुरती असते. शिकविलेली विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालते. आपल्या घरोघरी जे कसब असेल, ते मुलामुलींच्या हाती वेळीच द्यावे, हाच या चरित्राचा बोध आहे.