सुट्टी कोण देणार?

गेल्या पावसाळ्यात मुंबईहून नातीचा फोन आला. "आजी, उद्या रेड अलर्ट आहे, शाळेला सुट्टी!" वादळाची सुट्टी आदल्या दिवशीच कळते, हे माझ्या पिढीच्या मास्तरणीला अजून नीटसं पचत नाही.

आमच्या वेळी मुख्याध्यापक आभाळाकडे बघून ठरवत. नगर जिल्ह्यातली दोनशिक्षकी शाळा, वर पत्रे, मुलं वस्त्यांवरून ओढे ओलांडून येणारी. रेडिओवर सांगायचे, तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस. आता ते तुरळक ठिकाण आमचं की पलीकडच्या गावाचं, हे कोणाला विचारायचं? एका फेब्रुवारीत दुपारी आभाळ काळवंडलं म्हणून आम्ही मुलांना लवकर सोडलं. दहा मिनिटांत गारा! मुलं निम्म्या वाटेत. कोणी दप्तर डोक्यावर धरलं, कोणी गोठ्यात शिरलं. फारसं कोणाला लागलं नाही, पण त्या रात्री माझा डोळा लागला नाही. थांबवून ठेवलं असतं तर? आणि पत्रे उडाले असते तर? असो.

वेधशाळा आपल्याकडे काही नवी नाही. १८६४चं कलकत्त्याचं चक्रीवादळ, मग १८६६ आणि १८७१ साली पावसानं दिलेला दगा, यातून १८७५ मध्ये हवामान खातं उभं राहिलं. १९२८ साली मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरची ती इमारत 'सिमला ऑफिस'. (मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेलं, नाव मात्र पुण्यातच राहिलं!) पण इशारे बंदरांसाठी, जहाजांसाठी, पुढे शेतकऱ्यांसाठी. शाळा त्यात कुठे?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतली कितीतरी मुलं रात्रभर शाळेत अडकली. तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. पुढे २०१७च्या नोव्हेंबरअखेरीस ओखी वादळ आलं. केरळ-तमिळनाडूच्या मच्छीमारांना त्यानं भर समुद्रात गाठलं. इशारा पोचायला उशीर झाला होता. आपल्याकडे मात्र ४ तारखेलाच जाहीर झालं, की ५ डिसेंबरला मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, सिंधुदुर्गातल्या शाळा बंद. वादळ गुजरातच्या किनाऱ्याला पोचेपर्यंत विरलं. लोक म्हणाले, फुकटची सुट्टी! मला हे पटलं नाही. एक दिवसाचा अभ्यास रविवारी भरून काढता येतो.

आमच्या नगरकडची अडचण वेगळी. समुद्रातलं वादळ चार दिवस आधी दिसतं, गारांचा ढग मात्र तासाभरात तयार होतो. कुठल्या शिवारावर तो फुटेल, हे आजही आदल्या दिवशी नेमकं सांगता येत नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ला पारनेर तालुक्यात गारपीट झाली, उभी पिकं झोपली. बातम्या बघताना माझी नजर आधी कॅलेंडरकडे गेली. रविवार होता. मुलं घरी होती.