मुठीतली तार : बोडेन केबल आणि घरच्या डाखकामाचा इतिहास

मोटरसायकलचा क्लच दाबला की बोटांचा जोर गिअरपेटीपर्यंत नेते ती जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची पोलादी दोरी. गॅरेजात तिला नुसते 'क्लच वायर' म्हणतात. या वायरला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला मोठा भाग कारखान्यात नव्हे, घराच्या मागच्या खोलीत घडला.

लोखंडी तारांचा दोर विल्हेल्म आल्बर्ट या जर्मन अधिकाऱ्याने 1834 मध्ये हार्त्झ पर्वतातील खाणींसाठी वळला. तो ओढता येई. पण वळणावर न्यायचा तर कप्पी लागे. ही अडचण अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडेन यांनी सोडवली. त्यांचे ब्रिटिश पेटंट 1896 चे. त्यांनी दोरीभोवती तारेचेच घट्ट वेटोळे चढवले. आतली दोरी ताण सोसते, बाहेरचे वेटोळे दाब सोसते; दोन्ही टोके पक्की असली की मधला भाग कसाही वळवा, जोर पोहोचतो. (रॅले सायकल कंपनीचे सर फ्रँक बोडेन हे वेगळे गृहस्थ. शोधाचे श्रेय त्यांना देण्याची चूक आजही होते.)

प्रारंभीच्या अनेक मोटरसायकलींवर सळ्या आणि सांधे असत. सायकलच्या ब्रेकवर रुळलेली बोडेनची तार हळूहळू त्यांच्या जागी आली आणि ब्रेक, क्लच, कार्बोरेटर सारे तिच्यावर चालू लागले. सळी वाकली तर ठोकून सरळ करता येई. तार मात्र तुटली की तुटली, आणि तीही बहुधा टोकाशी.

त्या टोकाला पितळेचा बारीक गठ्ठू असतो, त्याला 'निप्पल' म्हणतात. तो तारेवर नुसता चिकटवलेला नसतो. तार त्याच्या भोकातून पार काढून तिचे धागे फुलासारखे फुलवतात, ते निप्पलच्या खोलगट तोंडात बसवतात आणि वर डाख ओततात. लिव्हर ओढला की धाग्यांचा तो शंकू भोकात आणखी घट्ट रुततो. धागे न फुलवता केलेले डाखकाम बाकावर पक्के दिसते आणि उतारावर ब्रेक दाबताना निसटते. या कामात हलगर्जीपणाची किंमत जिवाने मोजावी लागे, ती इथे.

घरी केबल आखूड करण्याचा खरा बहर ब्रिटनमध्ये 1950 आणि 60 च्या दशकांत आला. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरील एस कॅफे 1938 मध्ये सुरू झाला, महायुद्धात बॉम्बने उद्ध्वस्त झाला आणि 1949 मध्ये पुन्हा बांधला गेला. तिथे जमणाऱ्या तरुणांना शर्यतीच्या गाडीसारखा खाली झुकलेला हँडल हवा असे. हँडल खाली आला की मूळ केबल लांब पडे आणि तिचे वेडेवाकडे वळसे होत. घर्षण वाढते ते लांबीपेक्षा वळणांमुळे. सारी वळणे मिळून जितका कोन, तितकी तार जड.

मग घरीच करवत निघे. नियम एकच : बाहेरचे आवरण जितके कापाल, आतली तारही तितकीच कापायची. कापण्याच्या जागी आधी डाख मुरवून घेत, नाहीतर धागे उसवत. आवरणाचे कापलेले तोंड कानशीने सपाट करत, कारण तिथली धार तारेला करवतीसारखी खाते. सर्वांत हसवणारी चूक म्हणजे निप्पल सुरेख बसवल्यावर लक्षात येणे की आवरण आणि ॲडजस्टर तारेत ओवायचेच राहिले!

पोलादावर डाख सहजी धरत नाही. आधी वरचा गंज आणि ऑक्साइड काढावे लागते. जुने कारागीर त्यासाठी मिठाच्या आम्लात जस्त विरघळवून द्राव करत. कल्हईवाला तापल्या भांड्यावर नवसागर टाकतो, त्यामागचे रसायन याच जातीचे. डाख कथील-शिशाचा. 63 टक्के कथील असलेले मिश्रण 183 अंश सेल्सियसला वितळते, म्हणून तारेचे पाणी उतरत नाही. अधिक मजबुतीच्या हव्यासाने पितळी झाळ दिली की तार लाल होऊन मऊ पडते आणि नेमकी त्या सांध्याशेजारी तुटते.

भारतात 1955 पासून मद्रासला एनफिल्ड बुलेट जुळू लागली आणि हीच डोकेदुखी इथल्या मिस्त्र्यांच्या वाट्याला आली. पुण्याच्या बजाजने व्हेस्पाच्या परवान्याने बनवलेल्या स्कूटरवर तर गिअरलाही दोन तारा होत्या. मात्र तिथे इंजिनाकडचे टोक स्क्रूने आवळलेले असे. त्यामुळे तार हवी तिथे कापता येई, डाख लागत नसे. रस्त्याकडेला पाना आणि पक्कड एवढ्यावर काम भागे.

2006 च्या यामाहा आर-6 मध्ये थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक झाले. क्लचची तार मात्र भारतातल्या बहुसंख्य मोटरसायकलींवर अजून तशीच आहे. लडाखला निघालेले बुलेटस्वार आजही जुन्या क्लच वायरशेजारी नवी वायर आधीच ओढून, टेपने बांधून ठेवतात.