वर्धनगडच्या घाटातली हवा

1972 च्या दुष्काळाचा विषय निघाला की माणसं खडी फोडल्याचं सांगतात, सुकडीची चव सांगतात, अमेरिकेची लाल मिलो ज्वारी कशी घशाखाली उतरत नव्हती ते सांगतात. ते सगळं खरंच आहे. पण ती ज्वारी माणदेशातल्या गावागावांत पोचली कशी, हे कुणी सांगत नाही. मी सांगू शकतो. कारण ती आणणाऱ्या एका गाडीवर मी किन्नर होतो.

गाडी माझ्या मामांची. टाटा-मर्सिडीज, पुढे नाक असलेली. 1954 साली टेल्कोचा जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार झाला आणि जमशेदपूरला या गाड्या बनू लागल्या. 15 वर्षांनी, 1969 साली करार संपला आणि नाकावरची तीन टोकांची चांदणी गेली. आमच्या गाडीवर चांदणी होती, म्हणजे गाडी त्याआधीची. तिचा डिझेल पंप बंगळूरच्या मायकोचा, तोही मुळात जर्मन बनावटीचा. जर्मन घडणीच्या गाडीत अमेरिकेचं धान्य भरून आम्ही ते दहिवडीच्या पुढं नेत होतो, जिथं दोन पावसाळे कोरडे गेले होते.

1973 चा एप्रिल. उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरच्या माणसांचा आकडा राज्यात 50 लाखांच्या घरात गेला होता. त्यांतली एक माझी आई. पाझर तलावाच्या बांधावर पाट्या टाकायची. आठ दिवस रेशनच्या दुकानात दाणा नव्हता आणि आमची गाडी यायची म्हणून गाव वाट बघत होता.

साताऱ्याच्या गोदामातून पोती भरून दुपारी निघालो. कोरेगाव मागं पडलं. वर्धनगडच्या घाटात निम्म्या चढावर गाडी हुचके द्यायला लागली आणि बंद पडली. मी उडी टाकून मागच्या चाकांना दगड लावले.

"एअर धरली," मामा म्हणाले.

डिझेलच्या गाडीला हवा चालत नाही. टाकीतून डिझेल ओढणारा एक छोटा फीडपंप मोठ्या पंपाच्या अंगाला असतो. तो डिझेल फिल्टरला देतो, फिल्टर मोठ्या पंपाला, आणि मोठा पंप सहा नळ्यांतून सहा नोझलना. मध्ये कुठं हवेचा बुडबुडा शिरला की दाब तयार होत नाही. म्हणून फीडपंपावर हाताने मारायची घुंडी असते. फिल्टरचा स्क्रू सैल करायचा, घुंडी मारत राहायचं. आधी फेस येतो, मग स्वच्छ डिझेल. मग स्क्रू आवळायचा.

मी घुंडी मारायला लागलो. शंभर झाल्या, दोनशे झाल्या. तळहाताला फोड आले. फेसच येत होता, डिझेल येईना. घुंडी हाताला पोकळ लागत होती. टाकीत काठी घातली तर वीतभर डिझेल होतं. मामांनी चार-पाचदा सेल्फ मारला. बॅटरी दमत आली.

"पंप गेला. साताऱ्यास्नं मिस्त्री आणाय पायजे," मामा म्हणाले. म्हणजे दोन दिवस गेले. मला आईची रिकामी पिशवी दिसायला लागली.

तेवढ्यात पंढरपूरकडून एक रिकामी गाडी उतरली. त्या काळी बंद पडलेल्या गाडीला ओलांडून कुणी जात नसे. खाली उतरले ते पिकल्या मिशांचे ड्रायव्हर. त्यांचा किन्नर त्यांना उस्ताद म्हणत होता.

त्यांनी घुंडी दोनदा मारून बघितली. "गळतंय कुठं?"

"कुठंच न्हाई. सगळं कोरडं हाय," मामा म्हणाले.

"तितंच फसतंय माणूस. पंपाच्या फुडं भोक पडलं तर डिझेल भाईर येतंय, दिसतंय. पंपाच्या मागं पडलं तर हवा आत जाती. ती दिसत न्हाई."

त्यांनी टाकीकडून येणारी नळी फीडपंपापासून सोडली. तिथं आपल्या गाडीतला रबरी नळीचा तुकडा जोडला आणि दुसरं टोक डिझेलच्या डब्यात बुडवलं. डबा बॉनेटवर, पंपाच्या वर. मग मला घुंडी मारायला लावलं. दहा-बारा दाबांत घुंडी जड झाली. फिल्टरच्या स्क्रूतून फेस आला, मग नितळ धार.

"पंप जित्ता हाय. रोग नळीत हाय."

ते चेसीच्या कडेनं नळी चाचपत गाडीखाली शिरले. पाठोपाठ मी. मला ठाऊक होतं ते कुठं थांबणार. दोन महिन्यांपूर्वी नळी धरून ठेवणारी पट्टी तुटली होती. मामा ओरडतील म्हणून मी तिथं सुतळी बांधून टाकली होती. सुतळी सैल झाली, नळी चेसीवर घासत राहिली आणि चिखलाच्या पापुद्र्याखाली तिला केसाएवढी चीर पडली.

उस्तादांनी सुतळी बघितली, मग माझ्याकडं बघितलं. काही न बोलता ती सोडली आणि खिशात घातली.

"नळी घासलीया," बाहेर येऊन ते मामांना म्हणाले. "पुसेगावात बदला. तवर डब्यावर चालवा."

मोठ्या पंपाची हवा काढली. नोझलचे नट सैल करून सेल्फ मारला. ठिपके उडायला लागल्यावर नट आवळले. मग शेवटच्या सेल्फला गाडी लागली. बॉनेटची एक बाजू उघडी ठेवून मी मडगार्डवर बसलो, डबा दोन्ही हातांनी कवटाळून. पुसेगाव येईपर्यंत तसाच. डिझेल अंगावर सांडत होतं आणि फोडांना झोंबत होतं.

पुसेगावात नळी बदलली, पट्टीही नवी टाकली. गावात पोचायला रात्र झाली. दुकानाच्या ओट्यावर अंधारात बाया पिशव्या घेऊन बसल्या होत्या. आईनं मला ओळखलं नाही, इतका मी काळा झालो होतो. "ड्रायवर, माजं पोरगं कुटाय?" असं तिनं मलाच विचारलं.

पुढं 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला. त्याचं मूळ या दुष्काळी कामांत आहे, हे पुस्तकांत लिहिलेलं असतं आणि ते बरोबरच आहे. घाटात थांबलेल्या त्या ड्रायव्हरचं नाव मात्र मला विचारायचंही सुचलं नाही.

नंतर मी 31 वर्षं गाडी चालवली. बंद पडलेली गाडी दिसली की थांबलो. सगळं कोरडं दिसत असेल तर आधी गाडीखाली शिरलो. सुतळीचं मात्र मामांना कधी सांगितलं नाही. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. आज इथं लिहिलं.