मराठी मजकूर टाइप करताना: स्मरणिकेसाठी लिहिणाऱ्यांना काही सूचना

पूर्वी लेखक कागदावर लिहून देत आणि छापखान्यातला कंपोझिटर खिळे जुळवत असे. आता लेख टाइप करून पाठवणारे आपणच कंपोझिटर झालो आहोत. शिवाय इथे हिमायतनगरात छपाईचे काम देताना समोरचा ऑपरेटर बहुधा तेलुगू किंवा हिंदी जाणणारा असतो. मराठीतली चूक त्याच्या लक्षात येईलच असे नाही. म्हणून पुढील गोष्टी सभासदांनी स्वतःच पाहाव्यात, ही विनंती.

१. युनिकोडमध्येच टाइप करावे. श्रीलिपी, आकृती यांच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. आमच्याकडच्या काही जुन्या फायली अशाच वाचता येईनाशा झाल्या. त्यांतले लेख पुन्हा टाइप करावे लागत आहेत. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असल्याने मजकूर मोबाइलवरही तसाच राहतो.

२. 'र्य' आणि 'ऱ्य' यांत गल्लत नको. 'आचार्यांचा सत्कार' म्हणजे गुरुजनांचा, 'आचाऱ्यांचा सत्कार' म्हणजे स्वयंपाक्यांचा! दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे, मग डी, मग य दाबल्यास 'ऱ्य' उमटतो.

३. फॉन्ट मराठी वळणाचा निवडावा. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण मानला. अनेक फॉन्टमध्ये मात्र हिंदी वळण येते. 'टीरो देवनागरी मराठी' हा मोफत फॉन्ट मराठी वळणाचा आहे. एका लेखात दोनपेक्षा जास्त फॉन्ट नकोत.

४. ओळींत मोकळी जागा ठेवावी. आपल्या लिपीत मात्रा वर आणि उकार खाली येतात. अक्षर १४ पॉइंट आणि ओळींतले अंतर दीडपट ठेवल्यास ज्येष्ठांनाही वाचणे सोपे जाते. अक्षरांमधले अंतर मात्र वाढवू नये, शिरोरेषा तुटते. एखाद्या शब्दावर भर द्यायचा तर तो तिरका न करता ठळक करावा.

५. विरामचिन्हे. 'स्थळ' या शब्दापुढे दोन टिंबे हवीत, विसर्ग नव्हे. वाक्याच्या शेवटी हिंदीसारखा दंड नको, पूर्णविराम द्यावा. चिन्हाआधी जागा सोडू नये, नंतर एकच सोडावी.

६. आकडे. देवनागरी किंवा इंग्रजी, एकच पद्धत लेखभर ठेवावी.

शेवटी, छापायला देण्यापूर्वी कागदावर प्रत काढून ती दुसऱ्या कोणाकडून मोठ्याने वाचून घ्यावी. बँकेत आम्ही अंकी आणि अक्षरी रक्कम ताडून पाहिल्याशिवाय धनादेश पुढे जाऊ देत नसू. तीच सवय इथे नावे, आडनावे आणि तारखांना लावावी. श्रद्धांजलीच्या पानावर आडनाव चुकले तर त्या घरच्यांना ते कायमचे बोचते, आणि छापलेली प्रत परत घेता येत नाही.