बुद्धिबळाच्या पटावरचे गहू : एका २० अंकी संख्येची गोष्ट

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, असं दुप्पट करत ६४ घरं भरली तर एकूण दाणे किती? १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. राजाकडे हे बक्षीस मागणाऱ्या शहाण्याची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. आकडा मात्र सहसा कुणी नीट बघत नाही.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) दिलेली १८ स्थानांची नावं परार्धावर संपतात. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. (पूजेच्या संकल्पातला परार्ध वेगळा, तो ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा अर्धा भाग.) त्या मापाने हे दाणे १८४ परार्धांहून जास्त भरतात. हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम धरलं तर होतात सुमारे ७३,८०० कोटी टन. आज जगभर वर्षाला साधारण ८० कोटी टन गहू पिकतो, म्हणजे नऊशेहून जास्त वर्षांचं पीक!

या बेरजेची खरी गंमत अशी, की कुठल्याही घरातले दाणे आधीच्या सगळ्या घरांतल्या एकूण दाण्यांपेक्षा बरोबर एकाने जास्त असतात. ‘तुम्ही दोघं आणा, ते प्रत्येकी दोघं आणतील’ म्हणणाऱ्या साखळी योजनांनाही हेच लागू पडतं. साखळी कधीही तुटो, अर्ध्याहून जास्त माणसं शेवटच्या पायरीवर असतात आणि त्यांच्या खाली कुणीच नसतं. शिवाय ३३व्या पायरीपर्यंत ८५८ कोटींवर माणसं लागतात. एवढी माणसं जगात आहेत कुठे?

आता हिशेब कसा करायचा ते पाहू. ६४ वेळा दुप्पट करत बसायची गरज नाही. २चा वर्ग ४, ४चा १६, मग २५६, ६५,५३६, असे फक्त सहा वर्ग केले की ६४ वेळा दोनाचा गुणाकार होतो. त्यातून १ वजा करा. सम आलं की अर्धं करून वर्ग घ्यायची ही युक्ती ‘लीलावती’तही आहे.

अवयवही याच वाटेने मिळतात. कुठल्याही वर्गातून १ वजा केला तर उरलेल्या संख्येचे दोन अवयव लगेच पडतात : मूळ संख्येपेक्षा १ कमी आणि १ जास्त. १६ वजा १ म्हणजे ३ गुणिले ५, तसं. हे करत गेलं की आपली संख्या ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७ यांचा गुणाकार निघते. पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. फ्रान्सच्या फर्माला सतराव्या शतकात वाटलं, सहावीही मूळच असणार. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं, की तिला ६४१ने नि:शेष भाग जातो आणि उत्तर येतं ६७,००,४१७. वहीवर करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

६४ बिटांत मावणारी सगळ्यात मोठी पूर्ण संख्याही हीच.